दोन बोटं गवत

नाना,

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी अजून कच्छातच आहे. माझ्या नवऱ्याचा, ईश्वरचा फोन आला तेव्हा मी गवतात चौकट मांडून बसले होते, विळा हातातच होता. तो म्हणाला, "सिंधे, नाना गेले." मी विचारलं, "कुठं?"

मागून माझीच मला लाज वाटली. पण तुम्ही सारखे कुठं ना कुठं गेलेलेच असायचात. परळीला गेलते, बीडला गेलते, माळावर गेलते. काकूंना विचारलं की त्या हात उडवून म्हणायच्या, "काय ठावं, गेले आसतील गवताला विचारायला." तसंच कुठंतरी गेला असाल असं वाटलं मला.

मी निघणारच होते. पिशवी भरली होती. दोन दिवसांचा रस्ता आहे, तोंड दिसणार नव्हतंच, पण तरी. काकूंनीच फोनवर अडवलं. "येऊ नको गं. त्यांनीच धाडलंय तुला. काम अर्ध्यात टाकून आलीस तर मलाच बोल लावतील." मेलेला माणूसही बोल लावील अशी बायकोला खात्री, असे तुम्ही.

तर मी इथं आहे, आणि पुण्याच्या मॅडमनी सांगितलंय की आपल्या सगळ्या मोजणीवाल्यांचा जो वर्षाचा अंक निघतो त्यात नानांवर तू लिही. मी म्हणलं, मॅडम, माझी शाळा सातवीत सुटली, मी काय लिहू? त्या म्हणाल्या, नानांशी बोलायचीस तसं लिही. म्हणून तुमच्याशी बोलतेय. जन्मतारीख, शिक्षण, नोकरी हे बाकीचे लिहितील. मला एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती तुमच्यासमोर बोलायची हिंमत मला तीन वर्षांत झाली नाही.

आपल्या माळाच्या अहवालात एक चूक तुमच्या नावावर लिहिलेली आहे. ती चूक माझी आहे. ती तुमच्या नावावर ठेवून तुम्ही गेलात, आणि ती मला तुमच्या नावावरून उतरवायची आहे.

लिहिते. घाबरत लिहिते, पण लिहिते.

तुम्ही परळीहून रिटायर होऊन गावात आलात तेव्हा लोक म्हणायचे, नानाचं डोकं गेलंय. तीस वर्षं औष्णिक केंद्राच्या लॅबमध्ये कोळसा तपासला, रेल्वेच्या वाघिणीतून नमुना काढायचा, दळायचा, जाळायचा, राख तोलायची, आणि आता म्हातारपणी उघड्या माळावर गवत मोजत फिरतोय. काकूंचं तर ठरलेलं होतं. पाहुणा आला की चहाबरोबर हेच वाढायच्या, "जल्मभर काळं केलं, आता हिरवं करायला निघालेत." तुम्हीच सगळ्यांच्या आधी हसायचात. पण एकदा माळावर मला म्हणालात, "ती थट्टा करती, पण खरं बोलती. किती वाघिणी माझ्या सहीनं आत गेल्या, मला पाठ हायत."

पुण्याच्या मॅडमना आपल्या डोंगरात गवताची मोजणी करायला माणूस पाहिजे होता. तुम्ही सापडलात. तुम्हाला कापायला माणूस पाहिजे होतं, मी सापडले. दसऱ्याच्या आधीचे दिवस, आम्ही उसाला जायच्या तयारीत. तुम्ही दारात येऊन विचारलंत, "सिंधू, तुला मोजता येतं का?"

"सातवीपातूर येतं."

"विळा धरता येतो?"

मी हसले. ईश्वर म्हणाला, "नाना, कोयता धरूनच जल्मली ती."

"मग चल. शिकलेली पोरं आणली होती पुण्याहून. कातरीनं कापायची. दोन चौकटीत बोटाला फोड."

जाता जाता, चढावरच तुम्ही मला जगाची गोष्ट सांगितलीत. दरवर्षी जगातली शहाणी माणसं बसतात आणि मांडतात, किती कोळसा, किती तेल, किती गॅस जळाला, त्याचा किती कार्बन हवेत गेला. त्यातला जवळजवळ निम्माच हवेत राहतो. बाकीचा समुद्र गिळतो आणि जमीन गिळते, म्हणजे झाडं, गवत, माती. धूर मोजणं सोपं, तुम्ही म्हणालात, कारण कोळसा जिथं जळतो तिथं माझ्यासारखा कुणीतरी वजन घ्यायला बसलेला असतो. "सोडणाऱ्याची पावती आसती. गिळणाऱ्याची नसती. ती पावती आपण फाडायची." वरून उपग्रह बघतो, पण त्याला नुसता रंग दिसतो. त्या रंगाखाली किती गवत आहे ते खालच्या माणसानंच सांगायला लागतं. आपल्या भागात असं सांगणारा आपला एकच माळ.

मला त्यातलं निम्मं कळलं. पण एक अजिबात पटलं नाही आणि त्यावरून आपण चढ संपेपर्यंत भांडलो. तुम्ही म्हणालात, एक किलो कोळसा जाळला तर दीडेक किलो वायू निघतो.

"किलोतनं दीड किलो कसा निघंल? वर राख बी उरती ती येगळीच!"

"आगं, हवेतला प्राणवायू येऊन चिकटतो ना त्याला."

"हवेला कुठं वजन आसतंय?"

तुम्ही कपाळावर हात मारलात. दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातून दोन फुगे आणलेत, काठीच्या दोन टोकांना बांधलेत, मधोमध दोरी, आणि एक फुगा फोडलात. दुसऱ्या बाजूनं काठी खाली गेली. मी तरी म्हणलं, फुटलेल्या फुग्याचं रबर उडालं म्हणून गेली. तुम्ही खाली वाकून रबराचा तुकडा अन् तुकडा शोधलात आणि दोरीला परत बांधलात, हे दाखवायला की अडाणी बाई चूक बोलतेय. अडुसष्ट वर्षांचा माणूस मुरमात गुडघे टेकून फुग्याचे तुकडे शोधतोय. माझ्यासाठी एवढं कुणी कधी वाकलं नव्हतं, शाळेतसुद्धा.

बारा चौकटी होत्या. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी मीटर. ती गवतावर टाकायची, आतलं सगळं कापायचं, पिशवीत भरायचं, वर चिठ्ठी, मग उन्हात वाळवून पुण्याला. तिथं भट्टीत पुरतं सुकवून वजन. सुक्या गवताचा निम्म्याच्या आसपास कार्बन असतो. एवढं सोपं.

आणि पहिल्या चौकटीपाशी तुम्ही मला सांगितलंत. मला नीट आठवतं. उजव्या हाताची दोन बोटं जमिनीवर आडवी ठेवून दाखवलीत. "इथनं वर कापायचं. दोन बोटं सोडून. समदीकडं तसंच कापत्यात, म्हणून आपणबी तसंच."

मी म्हणलं, "हां नाना."

मग तुम्ही चिठ्ठ्या लिहायला बाभळीखाली पाठ करून बसलात, आणि मी मुळासकट म्हणावं इतकं खाली कापलं. बाराच्या बारा.

कावून, ते आज सांगते. उसात बुडखा, म्हणजे खालचा खुंट, ठेवायचा नसतो. सगळी गोडी बुडाला असते आणि बुडखा ठेवला तर पुढच्या वर्षीचा खोडवाही नीट फुटत नाही. कोयता मातीला लागला पाहिजे. शेताचा मालक सकाळी येतो, गोड बोलतो, "आस्ते काप बाई, दमू नको." आणि संध्याकाळी मुकादम फडातनं फिरतो, बुडखा दिसला की शिव्या देतो आणि दिवसाची हजेरी कापतो. नऊ वर्षांची असल्यापासून मी हेच शिकले होते, की मोठी माणसं सोपं सांगतात ती पारखायला, सोपं करणारी बाई आळशी ठरते. तुम्ही दोन बोटं सोडायला सांगितलीत तेव्हा मला वाटलं, हे माझी परीक्षा बघतायत. मी चांगलं काम करून दाखवलं, नाना. तुमचं न ऐकून.

मग आम्ही उसाला गेलो.

पाडव्यानंतर परत आलो तर तुम्ही वाट बघत होतात. पुण्याचं पत्र आलं होतं. पाऊस कमी, उपग्रहाला माळ वाळका दिसतोय, आणि आपल्या पिशव्यांत गवत भलतंच जास्त. मॅडमनी मऊ लिहिलं होतं पण अर्थ कडक होता. आकडे जुळले नाहीत तर हा माळ मोजणीतून काढावा लागेल, म्हणजे नकाशावर आपल्या भागाच्या जागी कोरा चौकोन. आणि माझं काय जाणार होतं ते मला पत्र न वाचताच कळलं. हे काम राहिलं तर मी घरी राहणार होते. गेलं तर परत कोयता.

तुम्ही ओट्यावर उभे होतात. बसला नाहीत. "सिंधे, खरं सांग. पोत्यात काय घातलं?"

"गवत."

"एवढं गवत त्या माळावर न्हाई. मला दिसतंय ना डोळ्यानं."

"मग काय घातलं म्हणता?"

आणि तुमच्या तोंडातून गेलं, "कारखान्यावर मोळीत माती घालून वजन वाढवत्यात म्हणं तुमची लोकं."

ईश्वर उठून उभा राहिला. मी त्याला हातानं मागं केलं. "आमी वजन वाढवत न्हाई नाना," मी म्हणलं. "आमी वजन उचलतो."

तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पुढचे आठ दिवस मी तुमच्या घरावरून गेले नाही, पाण्याला लांबच्या बोअरवर जात होते. काकू वाटेत भेटल्या तर म्हणाल्या, "दोघंबी सारखीच हेकट. ह्यांनी जेवण सोडलंय का काय कळंना, परळीला जाऊन बसलेत."

परळीला तुम्ही जुन्या सोबत्याकडे गेला होतात. पुण्याला धाडताना दर चौकटीचं थोडं आपल्याकडे राखलं होतं, त्या पिशव्यांतलं चिमूट चिमूट गवत घेऊन. कोळसा जाळता तसं मुशीत घालून ते जाळलंत आणि राख तोललीत. पुण्याच्या मोठ्या लोकांना सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं, कारण तुमचा सगळा जन्म राख बघण्यात गेला होता.

नवव्या दिवशी तुम्ही आमच्या दारात. हातात कागदाच्या बारा पुड्या.

"राख दाखवायला आलोय."

मी पीठ मळत होते. मळतच राहिले.

"गवताची राख करडी, पांढरट आसती. ही बघ. तांबडी हाय. आन् लई हाय."

"माती घातली म्हणायला आलात व्हय?"

"माती घातली आसती तर पोत्याच्या बुडाला सांडलेली घावली आसती. पोती झाडून बघितली, न्हाई. माती काडीला चिकटून आलीय, काडीच्या पार बुडाला. तू घातली न्हाईस." मग, "चल. इळा घे. तू कापतीस कशी ते मला एकदा बघायचंय."

ती तुमची माफी होती. दुसरी कधी मागितली नाहीत, मला लागलीही नाही.

माळावर गवत वाळून कडकडीत झालं होतं. मी बसले, मूठ धरली, विळा मातीला लावला आणि खस्सकन ओढला. वर आलेल्या मुठीच्या टोकाला मुरूम लोंबत होता. तुम्ही मट्कन खाली बसलात. मला वाटलं चक्कर आली. तुम्ही हसत होतात.

"आगं ए बाई! हा काय उसाचा फड हाय का?"

ईश्वर मागं उभा होता, तोही हसायला लागला. "नाना, बुडखा ठिवला तर मुकादम हिच्या सात पिढ्या काढतो. हिचा हात वर न्हाईच राहायचा."

"म्हंजी वजन हितनं आलं. बुडातनं." तुम्ही डोळे पुसलेत. आणि मग, माझ्याकडे न बघता म्हणालात, "दोन बोटं सोडायची आसत्यात. म्या सांगायचं राहूनच गेलं वाटतं."

मी गप्प बसले.

तुम्ही सांगितलं होतंत, नाना. बोटं ठेवून दाखवलं होतंत. मी त्या क्षणी बोलायला पाहिजे होतं. ईश्वर समोर होता. काम जायची भीती होती. चुकली म्हणून नाही, तर सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून कामावरून काढतात, हे मला ठाऊक होतं. त्याच दिवशी तुम्ही पुण्याला पत्र लिहिलंत, माझ्यासमोर, मोठ्यानं वाचत. "कापणीची सूचना देण्यात माझ्याकडून कसूर झाली." ती ओळ तशीच्या तशी अहवालात छापली गेली. खाली तुमचं नाव.

त्या पत्रात पुढं तुम्ही लिहिलं होतंत की माळ काढू नका, एक हंगाम द्या. मॅडमनी दिला. आणि तो दसरा, नाना! आयुष्यात मी एवढं काम कधी केलं नाही आणि एवढी सुखातही कधी नव्हते. ईश्वर एकटा उसाला गेला, अर्धा कोयता म्हणून; पुरा कोयता म्हणजे नवराबायको. मी मागं राहिले. प्रत्येक चौकट दोनदा कापायची. आधी दोन बोटं सोडून, त्याची पिशवी वेगळी. मग ती उरलेली दोन बोटं माझ्या हातानं, उसासारखी, पार मातीला लावून, त्याची पिशवी वेगळी. ती धुवायची, वाळवायची, थोडी जाळून राखेत माती किती राहिली ते वजा करायचं. म्हणजे मागच्या वर्षी माझ्या हातानं जास्तीचं किती आलं ते निघतं. तुम्ही वहीवर, मी विळ्यावर आणि काट्यावर. मी आकडा ओरडायचे आणि तुम्ही परत ओरडून लिहायचात. मी दर पिशवी तीनदा तोलायचे. तुम्ही वैतागायचात. "आगं, पहिल्यांदा बरोबरच हुतं की!" मी म्हणायचे, असू द्या.

उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला तेव्हा तुम्ही पारावर होतात. जुनं वर्ष दुरुस्त झालं, उपग्रहाशी जुळलं. माळ राहिला. तुम्ही फोन ठेवलात आणि दोन्ही हात वर करून ओरडलात, "माळ लागला! आरं आपला माळ लागला!" पोरगं नोकरीला लागतं तसं. आणि निम्मा गाव लिंबाचे डहाळे घेऊन डोंगराकडं पळाला, वणवा विझवायला. त्यातले दोघं तर माळावर जाऊन, कुठं काही पेटलेलं नाही बघून, तुम्हाला शिव्या देत परत आले. तुम्ही त्यांना गूळ दिलात. पाटलांच्या भावकीतला एक जण म्हणाला, "नाना, गवत मोजून काय मिळतं बे?" तुम्ही त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितलीत, कोळशापासून. त्याची बस चुकली.

पण जास्त मोठी गोष्ट मॅडम नंतर बोलल्या. ती उरलेली दोन बोटं. सगळीकडचे लोक ती सोडून देत होते आणि तिथं किती कार्बन आहे हे कुणी नीट तोललंच नव्हतं. आपल्याकडे तोललं गेलं, दुरुस्तीच्या नादात. आता बाकीच्या माळांवरही दोनदा कापायचं ठरलं. आणि ते हातानं शिकवायला कुणाला पाठवायचं, तर सिंधूला. मागच्या वर्षी जवळचे दोन माळ. औंदा कच्छ.

मला झोप लागेना त्या आठवड्यात. मी म्हणलं नाना, मी न्हाई जात, तिथं कोण म्हणंल ही सातवी शिकलेली काय शिकवणार. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "तू विळा मातीला लाव. त्येंची तोंडं आपोआप बंद होतील." मग आपली शेवटची भेट. एसटीत बसवायला आलात, खिडकीतून पाण्याची बाटली दिलीत, आणि गाडी हलली तरी काट्याचे सेल बदल, सेल बदल म्हणत चालत राहिलात.

इथं येऊन आपला एक वाद अर्धा मिटला, तो सांगते. मी नेहमी म्हणायचे, माळावर झाडं लावा, बाईमाणसाला सावली लागते. तुम्ही म्हणायचात, हा गवताचा माळ आहे, ह्याची तिजोरी मातीत आहे, मुळांत, झाड लावून ती फोडू नको. इथं मी बघितलं. विलायती बाभळ लावली होती म्हणे कुणी कधी, आता मैलोन्‌मैल तीच, खाली गवताची काडी नाही. म्हशीवाले तिला गांडो बावळ म्हणतात, वेडी बाभूळ. तुम्ही बरोबर होतात. पण नाना, आपल्या माळावरची ती एक गावठी बाभळ, जिच्याखाली बसून तुम्ही चिठ्ठ्या लिहायचात, ती तर चालत होती ना तुम्हाला? म्हणून म्हणते, अर्धाच मिटला.

इथवर लिहून ठेवलं होतं, आता रविवारचं.

काकूंनी फोन केला. मॅडमना माळाच्या जुन्या वह्या पाहिजे होत्या, काकू कपाटातून काढत होत्या. काकूंना तुमचं अक्षर लागतं, बोट ठेवून वाचतात. म्हणाल्या, "तुझं नाव हाय गं हितं, म्हणून फोन केला. वाचू?" त्या पहिल्या कापणीच्या दिवसाचं पान होतं. काकू अक्षर अक्षर लावत वाचत होत्या. वारा, ढग, चौकटी किती. आणि मग, "शिं... सिंधूस दोन बोटे सोडून कापण्यास सांगितले. हाताने दाखवले. हो म्हणाली."

मी काकूंना परत वाचायला लावलं. त्यांनी परत वाचलं.

म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, लिहून ठेवलं होतंत. मी तीन वर्षं मनात धरून बसले होते की म्हातारा विसरला, देवानं वाचवलं. आणि तुम्ही, ज्यानं कधी एक ग्रॅम इकडचा तिकडं केला नाही, फुग्याच्या रबराचा तुकडा सोडला नाही, तुम्ही तुमच्या सगळ्या लिखाणात एकच खोटी ओळ लिहिलीत. माझ्यासाठी. ती जगाच्या मोजणीच्या कागदात, स्वतःच्या सहीनं.

मी लई रडले. मग मला तुमचा राग आला. विचारायचं तरी होतंत, मी बोलले असते. नसते बोलले, खरं सांगते. तुम्हाला तेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथल्या बायकांना गोळा केलं. आठ जणी आहेत, म्हशीवाल्यांच्या घरच्या. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ऊस, मुकादम, दोन बोटं, हो म्हणून न ऐकणं, तुमचं पत्र. मला वाटलं आता ह्या म्हणतील, ही आम्हाला काय शिकवणार. मग हूरबाई, सगळ्यांत वयस्क, हातभर बांगड्या, तिनं आपला जाडजूड पंजा माझ्या हाताशेजारी ठेवला आणि म्हणाली, "वो सब ठीक है बेन. ये बता, दो उंगली किसकी? तेरी कि मेरी?"

नाना! तिची दोन बोटं म्हणजे माझी तीन! हे तुम्हाला सुचलं नाही, मला नाही, मॅडमना नाही. बायका हसून लोळल्या. आम्ही लगेच लाकडाच्या आठ चिपा कापल्या, एका मापाच्या, प्रत्येकीच्या कमरेला एक. मॅडमना कळवलं, त्या म्हणाल्या आता सगळीकडे अशाच चिपा. तुम्ही असतात तर चिडला असतात, की हे मला कावून सुचलं नाही, आणि दिवसभर तेच बोलला असतात. ह्या एका गोष्टीत आम्ही बायका तुमच्या पुढं गेलो.

मग मॅडमना मी दुसरी गोष्ट सांगितली. म्हणलं, अहवालातली ती ओळ चुकीची आहे, बदला. काकूंकडच्या वहीत पुरावा आहे.

त्या म्हणाल्या, "सिंधू, नानांनी ते मुद्दाम लिहिलं असेल. राहू दे ना. माळ तर राहिलाच आहे."

"मॅडम, त्येंच्या लिखाणात तेवढंच एक खोटं हाय. ते माझ्यापायी हाय. नकाच ठिवू."

"बरं. काय लिहू?"

मी रात्री शब्द जुळवून ठेवले होते, न अडखळता सांगितले. "सूचना स्पष्ट दिली होती. कापणाऱ्या बाईने ती पाळली नाही."

त्यांनी लिहून घेतलं. "नाव नको घालू या. 'स्थानिक कर्मचारी' लिहिते."

"न्हाई. वजन कुणी केलं त्याचं नाव घालता ना? मग चुकलं कुणी त्याचंबी घाला."

"तुझं नाव पहिल्यांदाच छापून येणार आहे, कळतंय ना? आणि ते असं." मग माझ्या मनातलं ओळखून म्हणाल्या, "काम जाणार नाही, वेडे. त्या चुकीमुळंच तर तू तिथं आहेस."

संध्याकाळी त्यांनी बदललेलं पान फोनवर पाठवलं. मी ते हूरबाईला दाखवलं, तिला वाचता येत नाही, तरी तिनं बोट फिरवून विचारलं, तुझं नाव कुठलं, आणि त्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. तुमची ओळ गेली आहे, नाना. तुमच्या कागदात आता एकही खोटी ओळ नाही. मी तीनदा वाचून बघितलं.

मॅडमचा परत फोन आला. हसत होत्या. "झालं. चूक अधिकृतपणे तुझ्या नावावर. आता खूश?"

म्हणलं, "लई."